अकरा फुल्या

मुलं चौतीस, बाकं सतरा,
त्यातलं एक लंगडं.
खिडकीबाहेर उणे सत्तावीस,
आत कोळशाची भट्टी आणि तिच्याशेजारी मी,
आसिलकान एजे.
आत-बाशीत बाईंना एजेच म्हणतात,
म्हणजे थोरली बहीण.
थोरल्या बहिणीचं कोण ऐकतं?

पहिल्या वर्षी ओरडून पाहिलं.
माझा आवाज चढला की त्यांचाही चढायचा,
रविवारच्या गुरांच्या बाजारात
एक मेंढी ओरडली की सगळ्या ओरडतात तसा.
दुसऱ्या वर्षी डोळे वटारले.
डोळे दुखले. माझेच.
तिसऱ्या वर्षी नारीनला प्रशिक्षण होतं,
तिथून मी हिरव्या पुठ्ठ्याची वही घेऊन आले:
दंगा केला की नावापुढे फुली,
पाच फुल्या झाल्या की घरी निरोप.

सागिनच्या पाच झाल्या मंगळवारीच.
निरोप लिहायला बसले आणि पेन थांबलं.
बाप येकातेरिनबुर्गला रस्त्यावरचा बर्फ उपसतो,
आई तिथेच कुठल्याशा बेकरीत.
घरी काका, सात गाई, एक कुऱ्हाड.
गाईंना पाणी मिळावं म्हणून
हा पोरगा पहाटे पाचला ओढ्यावरचा बर्फ फोडतो
आणि नऊ वाजता माझ्या वर्गात येऊन
बाकावर बोटं वाजवतो.
कुणाच्या घरी धाडायचा निरोप?

मग त्याला भट्टी दिली.
बादली तुझी, सळई तुझी, राख तुझी.
आठ दिवस वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी,
असं काही झालं नाही, खोटं कशाला सांगू.
पेन्सिली पडल्या तेवढ्या ऐकू आल्या.
माझ्यासाठी तेही पुष्कळ होतं.

नवव्या दिवशी कोळसा ओला आला.
मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते,
पाठीमागे अचानक सगळं शांत.
वळून पाहिलं तर भट्टीच्या तोंडात
हिरवा पुठ्ठा हळूहळू वळत होता,
तळणीतल्या पापडासारखा.
“पेटत नव्हतं, एजे,” सागिन म्हणाला.
“दुसरा कागद नव्हता.”
चौतीस दप्तरं कागदाने भरलेली होती.

अशा वेळी काय करायचं
हे नारीनच्या बाईंनी सांगितलं नव्हतं.
तोंडात एक वाक्य तयार होतं, चांगलं धारदार.
थंड चहाच्या घोटाबरोबर ते गिळलं
आणि म्हटलं, वह्या काढा.
ज्याच्या त्याने आपापल्या फुल्या लिहा.
आठवतील तेवढ्या.

बराच वेळ नुसती पेनं चालली.
कनिशायची एकही नव्हती, तिने एक लिहिली:
‘हसले मी होते, बोललात तुम्ही उलकानला.’
तेमिरच्या चौदा होत्या,
तो मोठं गोल शून्य काढून हाताची घडी घालून बसला.
मी काही बोलले नाही.
सागिनने कागद पुढे केला, बोटांना काजळी.
अकरा.
माझ्या आठवणीत नऊच.
“दोन तुमची पाठ होती तेव्हाच्या,” तो म्हणाला
आणि कोळसा आणायला निघून गेला.

त्यानंतर वर्ग शहाणा झाला, असं नाही.
काल कुणीतरी खडूच्या डबीत बर्फ भरला,
तेमिर अजून शीळ घालतो,
आणि सागिन बोटं वाजवतोच,
फक्त आता सळईवर, त्यामुळे आवाज जास्त.
नवी वही मी आणली नाही.
दंगा वाढला की खडू खाली ठेवते आणि थांबते.
कधी तीन मिनिटं, कधी दहा.
एकदा तर अख्खा तास थांबले.

राखेच्या बादलीत पुठ्ठ्याचा एक कोपरा सापडला,
न जळलेला, हिरवा, घडी घालण्याइतपत.
तो लंगड्या बाकाच्या पायाखाली सरकवला.
डुगडुगतं अजून.
पण आधीपेक्षा कमी.