तेरावी नोंद

तार्तूच्या ग्रंथालयात दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
बारा नोंदी हव्यात, शुक्रवारपर्यंत,
प्रत्येकीखाली टीप: काय म्हणतो, कशावरून म्हणतो,
माझ्या काय कामाचं.

विषय: गोठलेल्या समुद्रावरून बेटाकडे जाणारा रस्ता.

नोंद तिसरी. लेखक अभियंता.
बर्फाची जाडी, गाड्यांचं वजन, वेग. उपयुक्त.
बर्फ कसा कण्हतो, त्याबद्दल अवाक्षर नाही.

नोंद सातवी. हवामानाचे तक्ते.
ज्या हिवाळ्यांत रस्ता उघडलाच नाही
तिथे नुसती आडवी रेघ.
त्या रेघांपाशी माझा चहा निवला.

नोंद नववी, पान एकशे चार.
'पट्टा न लावता, दार किलकिलं ठेवून गाडी हाकावी'
या वाक्याशेजारी कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय:
एंडेलने लावला नव्हता. तरीही.

उर्वेबाईंनी जुनी कार्डं चाळून दिली.
पुस्तक दोनदाच गेलंय बाहेर;
दुसरी सही पुसट, बाईची असावी, म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत बसल्या.

आराखडा तयार आहे: रस्ता, नियम, ऱ्हास.
तिन्ही मथळे पायाखाली घट्ट वाटतात.
पण पेन्सिलीचा संदर्भ कसा द्यायचा
ते नियमपुस्तिकेत नाही. लेखक नाही, साल नाही.

तरी लिहिते. नोंद तेरावी.
स्रोत: समास.
काय म्हणतो: एक नाव.
कशावरून: 'तरीही'पुढचा पूर्णविराम
कागद भोसकून पुढच्या पानात उतरलाय.
माझ्या काय कामाचं:

उर्वेबाई किल्ल्या वाजवतायत.