छाट

मार्चअखेर. पंखा फिरतो, वारा गरमच.
जगदेवांनी तक्ता पुढे सरकवला :
तारीख, वेळ, काम, निधी.
"मॅडम, पगार साठ टक्के केंद्राचा,
तर तासही साठ टक्के दिसायला हवेत.
ऑडिटवाले मिनिटं विचारतात."

अकरा तारीख. विडी घरकुल. गृहभेट :
नरसय्या कोंगारी, वय आठ.
काम : शर्टाचं बटण.
अडीच तासांत एक बटण
अर्धं गेलं काजात.
उरलेलं अर्धं कुणाच्या निधीत?

त्याआधीची चाळीस मिनिटं मी पायरीवर.
दाराला कुलूप, पोर आत,
आई विड्या घेऊन कारखान्यात.
खिडकीच्या गजातून तो एकेक बोट उघडायचा,
मी मोजायची, त्याच्या भाषेत :
ओकटी, रेंडू, मूडू.

पद्मव्वा आली घामेजून, रिकामं सूप आपटलं.
"हजारातल्या ऐंशी छाटल्या मेल्यानं.
म्हणे तोंड नीट वळलं नाही.
पैसे कापले,
आणि छाट काय परत देतो होय?
ठेवूनच घेतो."

जगदेव चष्मा पुसतात. माणूस वाईट नाही,
त्यांचाही करार जूनपर्यंतच.
"दार बंद म्हणजे भेट नाही, मॅडम.
ही चाळीस खोडा."

पट्टी लावून खोडली.
बाजूला सही, सहीखाली तारीख.

रेघेखालून अजून वाचता येतं.
ओकटी, रेंडू, मूडू.
चौथं बोट त्याचं उघडत नाही.
तिथं तो थांबायचा,
मीही.