न मोडलेल्याची नोंद

सुरुवात पोरांच्या गुडघ्यांपासून झाली.
सीबच्या क्लबातली विशीची पोरं,
लिगामेंट तुटलं तरी स्ट्रेचरवरून विचारायची,
डॉक्टर, रमजानच्या स्पर्धेपर्यंत उभा राहीन ना?
मांडीमागचा एक दोर काढून
मी तो गुडघ्यात ओवायची, नाडी घालावी तसा.
नाव झालं. पेपरात फोटोही आला एकदा,
त्यात गुडघा स्पष्ट होता, मी थोडी हललेली.

त्यांच्या आया बाहेर बसायच्या.
मांडीवर कहव्याचा थर्मास.
उठताना एक हात खुर्चीला, एक भिंतीला,
आणि तोंडात "या अल्ला",
आपल्या "आई गं"च्याच पट्टीत.
सहा वर्षं मी त्यांना ओलांडून आत जात राहिले.

मग एका गुरुवारी त्यांतलीच एक आत आली, आडवी.
न्हाणीघर, साबण, खुबा.
वय बासष्ट. तिचा मुलगा
मी शिवलेल्या गुडघ्यावर तेव्हा गोल मारत होता.
खुबा मी नीट बसवला. चार महिन्यांनी ती गेली.
कागदावर न्यूमोनिया लिहिलं.
सही माझी नव्हती, एवढंच.

तिचं हाड स्कॅनवर पाहताना मला अनारसा आठवला.
जाळी पडली की आई खूश व्हायची,
उजेडाकडे धरून दाखवायची सगळ्यांना.
मीही ती फिल्म उजेडाकडे धरली होती.
खिडकीबाहेर मस्कतचं ऊन, डोंगर भाजून काढणारं, फुकट,
आणि खिडकीला तीन पडदे.

आमच्या भाषेत हाडांची काडं करणारी बाई कौतुकाची.
त्या काड्यांचं पुढे काय होतं
ते भाषेने कधी विचारलं नाही.

मी कुरुमच्या दवाखान्यात पार्किंगवरची एक खोली मागितली.
साहेब म्हणाले, सर्जनबाई, हे तुमचं काम आहे का?
पहिल्या मंगळवारी तिघी आल्या:
शम्सा बिंत खल्फान, मुलीने ढकलून पाठवलेली;
रुवीत डबे करणाऱ्या विजयमाला कुडाळकर;
आणि सिस्टर लिसम्मा, कारण दोघींचा वर्ग कसा म्हणायचा.
डंबेल नव्हते. खजुराचे पाच किलोचे डबे होते.
"या वयात जड उचलू नकोस"
हे तिघींना तीन भाषांत सांगून झालेलं,
आणि तिघींनी आयुष्यभर उचललेलं काय,
तर पाणी, पोरं, सासऱ्यांची गादी.
विजयमाला म्हणाल्या, म्हणजे डॉक्टर,
आता पहिल्यांदाच स्वतःसाठी उचलायचं?
लिसम्मा हसली. शम्साला मी अरबीत सांगितलं,
तिला हसू आलं नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा
माझ्याच स्कॅनचं पाकीट ड्रॉवरात पडून होतं,
अकरा महिने, न उघडलेलं.
दिवसभर दुसऱ्यांची हाडं वाचणारी मी.
उघडलं ते लिसम्माने, न विचारता,
आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पुढ्यात दोन डबे ठेवले.

आता मी निवृत्त होतेय. ऑफिसने आकडे मागितले.
शस्त्रक्रिया: सहा हजार चारशे बारा.
न पडलेल्या बाया?
न मोडलेली मनगटं?
रात्री न्हाणीघरात ओल्या फरशीवर घसरून
नळाला धरून सावरलेली, कुणाला न सांगता परत झोपलेली?
फॉर्मला तसा रकाना नाही.
शेरा म्हणून लिहायला गेले, तर जागा दोन ओळींची.

काल शेवटचा मंगळवार. बत्तीस जणी,
डंबेलही आहेत आता, जांभळे, कुणी तरी दान दिलेले.
शम्सा चौऱ्याहत्तरची. सतरंजीवर मांडी घालून बसली होती.
भिंत लांब होती. खुर्ची मुद्दाम काढली होती.
तिने अबायाचा घोळ गोळा केला,
पाय रोवले, आणि उठली.
हात कुठेच टेकला नाही.
"या अल्ला"ही म्हणाली नाही.

मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात
जांभळा डंबेल माझ्या हातात परत देत
ती म्हणाली, याहून जड नाही का तुझ्याकडे?