आधी बरणी

बाचो, हात मागे घे. स्क्रीन काळीच राहू दे.
एवढ्यात तिला काही विचारायचं नाही,
तिला उत्तरं फार लवकर सुचतात.

ही बरणी घे. शाल्वानं काल इथं ठेवली,
बुडाला अजून त्याच्या गाडीतला भुसा चिकटलाय.
तुझ्या गुडघ्याला बाशिंग, ठाऊक आहे मला,
मनात तू मधमाशी काढूनसुद्धा झालास,
सोनेरी, षटकोनात बसवलेली.
कुतायसीतल्या प्रत्येक बरणीवर तीच माशी बसते
आणि आजवर कुणाला चावलेली नाही.

वर्तमानपत्राची पट्टी काप. गुंडाळ बरणीला.
टोकाला टोक भिडतं तिथं पेन्सिलची खूण कर,
आता उलगड. एकवीस सेंटिमीटर, वर दोन रेघा.
एवढीच आपली जमीन,
आणि तीही एका वेळी दिसते तिसरा हिस्सा,
बाकीची वळणापलीकडे.
स्क्रीनवर ती अख्खी अंथरलेली दिसली असती
आणि तू नाव ताणलं असतंस
या कानापासून त्या कानापर्यंत.

शाल्वाला मी विचारलं, मध घेतं कोण?
म्हणाला, ट्रकवाले. उन्हाळ्यात समुद्रावर निघालेली कुटुंबं.
कुठं मांडतोस?
झेस्ताफोनीच्या पुढं, रस्त्याकडेला, फळीवर.
मग बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत बसला.
मला वाटलं, पैशांचं काढतोय.
म्हणाला, फळीवर नानुली बसते, माझी बहीण.
तिला आता कडेकडेचंच दिसतं, मधलं सगळं धूर.
गिऱ्हाईक अकेशियाचा मागतं, गोड, फिकट,
ही चेस्टनटचा देते, कडू.
माणसं पुढच्या वळणावर चाखतात आणि परत येत नाहीत.
हे त्याला सांगायचं नव्हतं.
कामाच्या कागदावर ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून रात्री मी रंगांचा डबा उघडला नाही.
खिडकीत बसून पानं आठवत राहिले.
चेस्टनटच्या पानाची कड करवतीसारखी,
अकेशियाचं पान नखाएवढं, गोल, कुठंही न टोचणारं.
कळलं का?
नाही? मग कात्री घे.
एका लेबलाची खालची कड दातेरी काप,
दुसऱ्याचे कोपरे गोल कर. अक्षरं नंतर.
आपली अक्षरं तशीही जन्मतः वळलेली,
त्यांना आणखी वेलबुट्टी नको.

खळ लाव. चिकटव.
दोन्ही बरण्या कुंपणावर ठेव आणि फाटकापर्यंत मागे जा.
दिसतं? ट्रकमधून दिसलं पाहिजे, धावत्या.
आता ये, डोळे मीट,
अंगठा फिरव आणि कडू मध माझ्या हातात दे.

हा गोड आहे, बाचो.

चूक तुझी नाही, दाते बारीक पडले.
तुझ्या अंगठ्याला जे कळत नाही
ते तिच्या, बारा महिने मेणात भाजलेल्या अंगठ्याला
काय कळणार?
मोठे काप. अजून मोठे. असे.
उद्या दोन्ही घेऊन फळीवर जाऊ,
ती म्हणेल ते खरं,
तिथून आल्यावर लाव तुझा कॉम्प्युटर,
तासाभराचं काम उरलं असेल.

आणि विचारतोयस म्हणून सांगते,
हे कच्चं काम आपण ज्यावर करतो
ते पाठकोरे कागद. उलट एखादा.
वाइनचं लेबल. सुंदर आहे ना?
स्क्रीनवर याहून सुंदर दिसत होतं.
सहा हजार छापून आणली,
मग बाटली पाहिली.
चौदा वर्षं झाली,
अजून अर्धा गठ्ठा शिल्लक आहे.