लाभ, दोन, तीन

कोपरखैरण्याची शाळा, खोली नंबर चार.
भिंतीवर पोरांचा पाढ्यांचा तक्ता तसाच.
यादीवर पट्टी सरकवत ती पोरगी मोठ्यानं म्हणाली,
शेलार सर्जेराव हिंदुराव.
एवढं अख्खं नाव मार्केटात कोण घेतो?
तिथं मी टोळी नंबर अकरा.

शाईला बोट पुढं केलं,
नखाच्या कडेला कांद्याची माती.
बाई काही बोलल्या नाहीत.

पुठ्ठ्याआड निळं बटण, एवढंसं.
पन्नास किलोच्या गोणीची सवय हाताला,
म्हणून जपून दाबलं, तर काहीच नाही.
मग जरा जोर लावला.
लाल दिवा.

काचेमागं चिठ्ठी आली.
चष्मा घरी राहिलेला,
नाव काही लागेना, चिन्ह तेवढं ओळखलं.
मार्केटातल्या काट्याचा आकडा
कायम व्यापाऱ्याकडं तोंड करून असतो.
ही माझ्याकडं बघत होती.

मोजायला लागलो, गोण्या मोजतात तसं,
लाभ, दोन, तीन…
सातला चिठ्ठी आत पडली,
आणि लांबलचक बीप.

फाटकाशी मुकादम उभा. झालं का रे?
झालं, म्हटलं.
पावती तेवढी त्यांनीच ठेवून घेतली.