शेरा

जुन्या छावणीतलं दप्तर, हिंगोली.
एका गठ्ठ्याचे मला पंचेचाळीस रुपये मिळतात.
डांबरगोळ्यांचा वास घरी भाकरीलासुद्धा येतो.

सर हर्बर्ट विन्सकोम यांचा पत्रव्यवहार,
गठ्ठा एकोणीस. कागदाला कसर, अक्षर शाबूत.
बहिणीला: इथल्या उन्हानं पियानोचे सूर उतरतात.
मुंबईच्या दुकानदाराला: फुलांचं बी रुजलं नाही,
पैसे परत पाठवावे.
हैदराबादेला: मुलूख शांत आहे.
मुलूख शांत आहे, असं अकरा वेळा.
मी मोजलं. मोजायचे वेगळे पैसे नसतात.

खरं तर साहेबाच्या हातचं इथं काहीच नाही.
मूळ पत्रं बोटीनं गेली, ही नक्कल.
पानापानाच्या तळाशी मोडीत
नकलनवीस माणको विसाजी सावंगीकर.
इंग्रजी येत नव्हतं त्याला.
लुगड्याच्या काठावरची नक्षी उतरवावी
तशी अक्षरं उतरवायचा,
साहेबाच्या टाकातून सांडलेला डागही
त्यानं जागच्या जागी काढलाय.

एकदाच समासात, मुंगीएवढ्या मोडीत:
'यात हिंगोली आहे. ओळख पटली.
पुढे काय ते कळत नाही.
विचारणे बरे नव्हे.'

माणकोबा, पुढे असं आहे:
रिसाल्याच्या घोड्यांना दाणा कमी पडतो, सबब
हिंगोलीच्या खाली कयाधूकाठी
पाच गावची पेवं उघडून
जोंधळा छावणीत आणावा.
गावं दिली आहेत.
चौथ्या नावाचं पहिलं अक्षर
सापानं वेटोळं सोडावं तसं आहे,
ते तुम्हाला फार सुरेख साधलंय.
सावंगी, असं वाचायचं ते.

पुढच्या पत्रात साहेबाला ताप.
त्यापुढच्यात पुन्हा बियाण्याची तक्रार,
मग दीड महिना काही नाही.
मुलूख शांत आहे, अकराव्यांदा,
ते मात्र दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात,
डाग न काढणाऱ्याच्या.

नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा,
दोन बोटं रुंद.
दस्तगीर सर म्हणतात, लिहा,
'समासात किरकोळ मजकूर', आणि पुढचा गठ्ठा घ्या,
साडेपाचला कुलूप लागतं.

मी लिहिलं, 'उत्तर दिले.'
पेन्सिलीनं.
सध्या.