थांबा, अंग देतो

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
अत्तारांच्या सुफियाननं डोळ्यांवर खोकं चढवलं.
"बंडगरमामा, आता खाली बघा."

बघितलं.
चाळीस मजले खाली रस्ता, मुंगीएवढ्या रिक्षा,
मध्ये एक फळी, हळदीच्या पोत्याहून अरुंद,
आणि फळीवर मी नाही.
ना पोट, ना गुडघे, ना चप्पल.
नुसती नजर टांगलेली, खुंटीवरच्या टोपीसारखी.
भ्यालो नाही.
पडायला आधी काहीतरी असावं लागतं.

"थांबा, अंग देतो," म्हणाला
आणि कुठलंसं बटण दाबलं.

पाय आले. माझे नव्हेत,
कुणा गोऱ्यागोमट्या पोराचे, पांढऱ्या बुटांतले.
हात आले, हळदीचा डाग नसलेले,
डाव्याला पाच बोटं.
पाचवं तर मार्केट यार्डात
पॉलिशच्या ड्रमनं नेलं, एकोणीस वर्षं झाली.
मी मूठ मिटली.
तेही मिटलं.

मग घाम.
जाजमावर उभा आहे, ठाऊक होतं,
तरी मांड्या लटपटल्या,
"धर रे" म्हणून ओरडलो,
आणि सगळ्यांत आधी आखडलं
ते बोट.

सांगलवाडीला परतताना आयर्विन पुलावर थांबलो.
कृष्णा खाली, गढूळ, सावकाश.
कठड्यावर डावा हात ठेवला. चारच.
वाकून पाहिलं. काही वाटलं नाही.

रात्री मात्र ठणका लागला.
बायकोनं दिवा लावून विचारलं, कुठं दुखतंय,
तर बोट ठेवून दाखवायला
जागाच नव्हती.